गॅप कमी झालाय, म्हणजे नक्की काय झालंय?

प्रश्न: माझं वय ५६. उजवा गुडघा गेले आठ महिने दुखतोय. बसल्या जागेवरून उठलं की पहिली दहा पावलं नकोशी होतात, मग जरा मोकळं वाटतं. जिना चढताना चालतं, उतरताना मात्र कठडा सोडवत नाही. सकाळी पाच-दहा मिनिटं गुडघा आखडलेला असतो आणि हलवला की आतून कुरकुर ऐकू येते. एक्स-रे काढला, तर ‘गॅप कमी झालाय, ग्रेड ३’ असं सांगितलं. तेव्हापासून मी रोजचं फिरणं बंद केलं, जिना टाळते, खाली बसणं सोडलं. यजमान म्हणतात, गुडघा गाडीच्या टायरसारखा असतो, जितका कमी वापराल तितका जास्त टिकेल. पण चार महिने इतकी काळजी घेऊनही दुखणं वाढलंच आहे. कुणी वंगणाचं इंजेक्शन घे म्हणतं, कुणी दुर्बिणीतून साफ करून घे म्हणतं, एकीने तर थेट गुडघा बदलायलाच सांगितलं. मी काय करू?
ता. क. माझ्या २४ वर्षांच्या मुलीचाही गुडघा जिना उतरताना दुखतो. हे आनुवंशिक आहे का?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि एका वाक्याखाली पेनाने रेघ ओढली: ‘चार महिने इतकी काळजी घेऊनही दुखणं वाढलंच आहे.’ फिजिओथेरपिस्ट म्हणून इतकी वर्षं लोकांचे गुडघे बघत आले, त्यामुळे असेल, पण त्या ‘घेऊनही’च्या जागी मी ‘घेतल्यामुळे’ असं वाचलं.

यजमानांवर रागावू नका. टायरची उपमा काही त्यांची एकट्याची नाही. आपण सगळेच ‘झीज’ म्हणतो, ‘वंगण संपलं’ म्हणतो, जणू गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं ज्या गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात, त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला खाऊ कोण घालतं? पाऊल टेकलं की ती स्पंजासारखी दबते आणि आतलं पाणी बाहेर पडतं. पाऊल उचललं की ती पुन्हा फुगते आणि सांध्यातला द्रव, त्यातल्या पोषणासकट, आत ओढून घेते. चालणं हेच तिचं जेवण. पाय कित्येक महिने वापरातच नसला तर कूर्चा शिल्लक पडत नाही, उलट पातळ होते. पाठीच्या कण्याला इजा होऊन पायांची हालचाल गेलेल्या रुग्णांमध्ये हे मोजून पाहिलेलं आहे. टायर गॅरेजमध्ये ठेवला तर वाचतो. गुडघा ठेवला तर उपाशी राहतो.

आता तो ‘गॅप’. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते, तिथे प्रत्यक्षात कूर्चा आणि गादी (दोन हाडांमधली लवचीक चकती, मेनिस्कस) बसलेली असते. फट अरुंद दिसली की कूर्चा पातळ झाली असावी, असा अंदाज बांधायचा. (तुमचा एक्स-रे उभं राहून काढला होता की झोपून? झोपून काढला असेल तर फटीबद्दल त्यावरून फार बोलू नये. अंगाचा भार पडल्यावर ती किती उरते हे महत्त्वाचं.) आणि ‘ग्रेड’ म्हणजे केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली मांडलेली ० ते ४ अशी मोजपट्टी. ती फोटोला दिलेली ग्रेड आहे, तुमच्या दुखण्याला नाही. एक गृहस्थ माझ्याकडे खांद्यासाठी यायचे. सहज म्हणून त्यांनी गुडघ्याचा जुना एक्स-रे दाखवला, तर फट जवळपास नव्हतीच. ‘दुखत नाही?’ विचारलं, तर म्हणाले, ‘सायकलवरून उतरताना थोडंसं.’ उलट फोटोत काही म्हणता काही नाही आणि रात्रीची झोप उडालेली, अशीही माणसं नेहमी येतात.

याचं कारण कूर्चेतच आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत तशा वेदना कळवणाऱ्या नसाही नाहीत. म्हणजे जी ‘झिजली’ म्हणून आपण घाबरतो ती स्वतः दुखूच शकत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सुजलेलं सांध्याचं अस्तर, वाटीभोवतालच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि ताकद गेलेले, दमलेले स्नायू. कूर्चा पहिल्यासारखी करून देणारं औषध आज नाही, हे खरं. पण दुखणाऱ्या या इतर गोष्टींपैकी बऱ्याच आपल्या हातातल्या आहेत. कुरकुरीचं म्हणाल तर तिच्याबरोबर दुखणं किंवा सूज नसेल तर खुशाल दुर्लक्ष करा. ठणठणीत गुडघेही कुरकुरतात.

तुमचं दुखणं ऑस्टिओआर्थ्रायटिसचं, म्हणजे वयाबरोबर येणाऱ्या संधिवाताचंच दिसतंय. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर सुरू झालेलं, वापरलं की दुखणारं, सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत जाणारं: एवढ्यावर डॉक्टर बहुतेक वेळा एक्स-रेशिवायही निदान करतात. तरी एक करून बघा. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा. बोट ठेवता आलं नाही आणि अख्खा तळवा गुडघ्यावर फिरला, तर संधिवाताची शक्यता जास्त. बोट बरोबर आतल्या बाजूला, सांध्याच्या तीन-चार बोटं खाली, नडगीवर गेलं आणि दाबल्यावर तुम्ही ‘आई गं’ म्हणालात, तर तिथे स्नायूंच्या कंडरांखाली असलेली द्रवाची छोटी पिशवी सुजलेली असू शकते. संधिवात असलेल्या, मध्यम वयाच्या बायकांमध्ये हे दुखणं वारंवार दिसतं, पुष्कळदा त्याचा दोष ‘गॅप’वर जातो, आणि ते तुलनेने लवकर बरं होतं. गुडघ्यामागे फुगवटा आणि ताण जाणवत असेल तर सांध्यातलं जास्तीचं पाणी मागच्या बाजूला साठलेलं असू शकतं. आणि पायमोजा घालायला वाकणं अवघड जात असेल, जांघेतही दुखत असेल, तर खुबा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, आणि मग सगळे गुडघ्याचे फोटो काढत बसतात.

काही गोष्टी मात्र या पत्राच्या उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर दिवस नाही, तास मोजावे लागतात. रातोरात सुजून चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल तर गाऊट, म्हणजे युरिक आम्लाच्या खड्यांमुळे होणारा संधिवात, असू शकतो. सकाळचं आखडणं तासाहून जास्त टिकत असेल आणि हाताची बोटं, मनगटंही सुजत असतील तर आमवाताची तपासणी हवी. त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती वेळेत सुरू व्हावी लागतात. पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलं नाही ना हे बघायला हवं. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर रक्तवाहिनीत गुठळी नाही ना, हेही. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणून पुढे जाते.

उतरतानाच का दुखतं? चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून तुम्हाला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, अख्ख्या शरीराला हळूहळू खाली सोडतो. ब्रेक कमजोर असला की शरीर धप्पकन खाली येतं आणि तो हिसका सांध्याला आणि वाटीला बसतो. तुम्ही चार महिने जिना टाळलात, फिरणं सोडलंत, म्हणजे नेमका हाच ब्रेक ढिला केलात. काही वर्षांपूर्वी माझा स्वतःचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढल्यावर मी टेप लावून पाहिली, तर त्या मांडीचा घेर दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटरने कमी भरला. व्यायाम शिकवून पोट भरणारी बाई मी, आणि मला खुर्चीतून उठायला हात टेकावा लागत होता. तुमच्या मांड्यांनाही टेप लावून बघा. वाटीच्या वरच्या काठापासून वर वीतभर अंतरावर खूण करा आणि दोन्ही बाजूंचा घेर मोजा. उजवी मांडी कमी भरली तर नवल नाही.

म्हणून औषध हे, आणि त्याचा पहिला डोस खुर्चीवर. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी, हात नसलेली खुर्ची घ्या. पुढच्या काठाशी बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाका आणि उठा. उठणं कसंही जमो, बसणं मात्र सावकाश: मनात तीन मोजत, शेवटच्या इंचापर्यंत ताबा ठेवून. लोक इथेच फसतात. शेवटच्या वीतभर उंचीवरून अंग खुर्चीत टाकून देतात, आणि जो ब्रेक आपल्याला कमवायचा आहे तोच सोडून देतात. आठ-दहा वेळा करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा करा. एक दिवसाआड. पहिल्या दिवशी जमलं नाही तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक उशी काढा. उशा संपतील तो दिवस मला कळवा.

ज्या दिवशी उभ्याने करायची हिंमत नसेल त्या दिवशी अंथरुणावर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती पलंगात घुसवायची आहे असं समजून खाली दाबा. पाच मोजा, सोडा, असं दहा वेळा. दाबताना वाटीच्या वर, आतल्या बाजूला हात ठेवा. तिथे स्नायूचा गोळा टणक झालेला हाताला लागायला हवा. लागत नसेल तर तुम्ही टाच दाबताय, गुडघा नाही. नंतर दुसरा पाय दुमडून, दुखरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच मोजा आणि हळू खाली आणा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा व्यायामही यात घाला. नितंबाच्या बाजूचा स्नायू चालताना गुडघ्याला आत कोसळू देत नाही, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

दुखेल. दुखणारच, आणि इथेच माणसं सोडून देतात. म्हणून एक नियम लक्षात ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. व्यायाम करताना दुखणं चारपर्यंत गेलं तर चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुखणं रोजच्याएवढंच असेल तर व्यायाम बरोबर झाला. वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी निम्मा करा, बंद करू नका. आणि निकाल लावायची घाई नको. सहा ते आठ आठवड्यांत फरक जाणवायला लागतो आणि बाराव्या आठवड्यापर्यंत चांगला कळतो. पंधरा दिवस करून ‘व्यायामाने काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त कॅलेंडर दाखवते.

फिरणं परत सुरू करा. आधी सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. मग दर आठवड्याला थोडं वाढवा. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाका, कठडा धरायला लाजू नका. काठी वापरायची वेळ आली तर ती डाव्या हातात, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा अर्धा फायदा घालवतात. खाली बसणं कायमचं वर्ज्य नाही. सध्या त्रास होत असेल तर थोडे दिवस टाळा, ताकद आली की आधार धरून पुन्हा बसून बघा. शेक घ्यावा की बर्फ लावावा, हे विचारू नका, जे बरं वाटतं ते करा. गुडघ्याचा पट्टा आधार देतो, धीर देतो, ताकद देत नाही.

वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत आणि मी विचारणारही नाही. फक्त एक हिशेब सांगते. वजन जास्त असलेल्या, गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या २००५ सालच्या एका अभ्यासात दिसलं की शरीराचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. म्हणजे तीन किलो कमी केले तर पावलागणिक बारा.

आता लोकांनी सुचवलेल्या गोष्टींकडे येते. आधी साधं मलम: डायक्लोफेनॅकचं जेल दिवसातून तीन-चार वेळा गुडघ्यावर लावलं तर बऱ्याच जणांना फरक पडतो, आणि औषध पोटातून जात नसल्यामुळे धोकाही कमी. त्याच जातीच्या गोळ्याही आराम देतात, पण पोट, मूत्रपिंड, रक्तदाब आणि हृदय या चौघांकडे बघून डॉक्टरांनीच त्या द्याव्यात, आणि थोड्या दिवसांपुरत्या. मैत्रिणीच्या पर्समधली गोळी नको. पॅरासिटामॉलचा या दुखण्यावर परिणाम जेमतेमच. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन या पूरक गोळ्यांचे डबे जगभर खपतात, पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, दीड हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

इंजेक्शनं दोन प्रकारची. स्टेरॉइडचं इंजेक्शन गुडघा सुजून खूपच दुखत असताना काही आठवडे आराम देतं, आणि त्या आठवड्यांत व्यायाम सुरू करता आला तर ते घेण्यात अर्थ आहे. पण दर तीन महिन्यांनी घेत राहणं शहाणपणाचं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षं असं इंजेक्शन घेणाऱ्यांची कूर्चा मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा जास्त पातळ झाली, आणि दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता. ‘वंगणा’चं इंजेक्शन म्हणजे हायलुरॉनिक आम्ल. सरासरी बघितली तर त्याचा फायदा फारच थोडा भरतो. ते घेतलंत म्हणून तुम्हाला दोष देणार नाही, पण आधी ते घ्या असं मी सांगणार नाही.

दुर्बिणीतून ‘साफ’ करण्याबद्दल मात्र मी जरा ठामपणे बोलते. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर एक विलक्षण प्रयोग झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून खरोखर सफाई केली, काहींना भूल देऊन नुसतेच वरवर छेद दिले आणि टाके घातले. कुणाचं काय केलं हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांचं दुखणं सारखंच. पुढेही अशा चाचण्या झाल्या, आणि २०१७ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने झिजेच्या गुडघ्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये असं स्पष्ट लिहिलं. एमआरआयमध्ये ‘गादी फाटली’ असं आलं तरी लगेच टेबलावर चढू नका. अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या एका पाहणीत ज्यांची गादी फाटलेली दिसली त्या दहांपैकी सहा जणांना गेल्या महिनाभरात गुडघ्याचा काही त्रासच झालेला नव्हता. खेळताना पाय पिळवटून गादी फाटलेली, गुडघा अडकून सरळच होत नाही असा तरुण असेल, तर ती गोष्ट वेगळी.

आणि गुडघा बदलणं? ती उत्तम शस्त्रक्रिया आहे, योग्य माणसावर योग्य वेळी झाली तर. बसवलेल्या पूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. पण ती वेळ एक्स-रे ठरवत नाही. दुखण्याने रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालणं मुश्किल झालंय, आणि व्यायाम, वजन, औषधं सगळं मनापासून करून झालंय, अशा वेळी तो विषय काढायचा. तुम्ही अजून पहिल्या पायरीवरही पाय ठेवलेला नाही. पुढे कधी लागलीच, तर तिच्याआधी कमावलेली मांडी नंतर उभं राहायला कामी येईल.

आता ताजा कलम. संधिवाताच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, पण २४व्या वर्षी जिना उतरताना, खूप वेळ गुडघे दुमडून बसल्यावर, वाटीच्या मागे किंवा आजूबाजूला दुखतं ते बहुतेक वेळा निराळं असतं. मुलींमध्ये ते जास्त दिसतं. त्यात काही झिजलेलं नसतं, एक्स-रेची सहसा गरज नसते. बहुधा धावणं, जिने, व्यायाम यांचं प्रमाण एकदम वाढलेलं असतं, किंवा मांडी आणि नितंबाचे स्नायू कमी पडत असतात. तिला आरशासमोर एका पायावर उभं राहून गुडघा थोडा वाकवायला सांगा. वाकताना गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे झुकत असेल तर कुशीवरचा तो पाय उचलायचा व्यायाम तिच्यासाठीच आहे. उड्या आणि जिन्यांचं प्रमाण काही आठवडे कमी करावं, बंद करू नये. आणि तुमची खुर्ची मांडाल तेव्हा शेजारी तिचीही मांडा. तिचे दहा तुमच्या आधी होतील. होऊ देत, तुम्ही तीन मोजूनच बसा.